जिजाईची भाकरी



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली आणि विणेकरीबुवांनी मला बोलायला उभं केलं. मी चौथी शिकलेला भातशेतकरी. जे बोलेन ते थोडं गाथेतलं, थोडं घरातलं. चुकलं तर पदरात घ्या.

हल्लीची शिकलेली मुलं-मुली गाथा उघडतात आणि विचारतात, आजोबा, तुकोबांनी बायकांवर असं कडक का लिहिलंय? आता ते अभंग गाथेत आहेत, नाय म्हणून कसं चालेल? परमार्थाच्या वाटेवर बाई म्हणजे धोंड, असं बोलणारे आहेत. नवऱ्याला लुबाडणारी बायको रंगवलेले आहेत. यावर कोण म्हणतं, ते अभंग काढून टाका. कोण म्हणतं, त्या काळी रीतच तशी होती, आजच्या मापानं साडेतीनशे वर्षांपूर्वीचा माणूस मोजू नका.

काढायचं मला पटत नाय. गाथा एकदा इंद्रायणीत बुडवून झालीय, पुन्हा आपण नको. पण रीत होती म्हणून गप्प बसणंही पटत नाय. त्याच काळात शिऊरच्या बहिणाबाई होत्या. जन्म १६२८ चा. त्यांनी तुकोबांना गुरू केलं म्हणून नवऱ्यानं मारलं, आणि हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत लिहून ठेवलं. म्हणजे बाईला काय लागतं ते तेव्हाही कळत होतं. माप आजचं नको असेल तर तुकोबांचंच घ्या. दुःखी माणसाला जो जवळ करतो तो साधू, हे त्यांनीच सांगितलं ना? त्या मापाला त्यांचेच काही अभंग कमी पडतात. मला ते बोचतात. आणि तुकोबा माझे मायबाप आहेत. दोन्ही खरं.

पण माऊली, तुकोबांचा हिशेब करण्याआधी आम्हा कीर्तनकारांचा करा. जिजाईला कजाग कोणी केलं? महिपतीबुवांनी भक्तविजय पुरा केला १७६२ साली. तुकोबा वैकुंठाला गेले १६५० ला. मधे ११२ वर्षं गेली. बुवांनी ऐकलेलं लिहिलं, आम्ही त्याला मीठमसाला लावला. उसाची गोष्ट घ्या. जिजाईनं पाठीत ऊस मारला, हे सांगताना मी असा हात उगारायचो की मांडव हसून लोळायचा. घरात पोरं उपाशी होती म्हणून ती चिडली, हे सांगायला मला वेळ नसायचा. थोरली रखमाबाई दुष्काळात अन्नावाचून गेली, ते हिनं पाहिलेलं. कर्जाचे कागद नवऱ्यानं पाण्यात सोडले. तरी भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर कोण चढायचं? तिच्या पायात काटा रुतला तर तो काढायला पांडुरंग स्वतः आला म्हणतात. देवानं जिचा पाय हातात घेतला तिला आम्ही हसण्यावारी नेलं. प्रभातच्या १९३६ च्या सिनेमात गौरीबाईंनी जिजाई केलीय, ती बघताना हसू येतं आणि पोटात कालवतंही. सिनेमावाल्यांना जमलं, आम्हा माळकऱ्यांना नाय जमलं.

आता घरातलं. आषाढीला आपल्याकडं लावणी असते. म्हणून आपल्यातले बरेचजण कार्तिकी धरतात. मी हट्टानं आषाढी धरली. खाचरात चिखल, धाकटा तापानं फणफणलेला, आणि मी खांद्याला पताका लावून निघालेला. कारभारीण म्हणाली, "तुमचा इठोबा येनार हाय का माझ्यासंगं आवन काढायला?" तेच वाक्य मी त्या साली सप्त्यात जिजाईच्या तोंडी घातलं. ती बायकांत बसलेली. गावाला कळलं कोणाचं वाक्य ते. सगळे तिच्याकडं बघून हसले. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघत राहिली. घरी आल्यावर एक शब्द नाय बोलली, ताट वाढलं. पुढंही तेच वाक्य मी किती वर्षं वापरलं. आता तिला जाऊन सहा वर्षं झाली.

यात तुकोबांचा काय दोष? ती थट्टा गाथेत नव्हती. माझी होती, माझ्या काळातली.

एक तरुण महाराज मला म्हणाले, "बुवा, तुम्ही तुकोबांपेक्षा मोठे झालात का?" मी म्हटलं, नाय हो, मी पारायणात ते अभंग जसेच्या तसे वाचतो. फक्त कीर्तनाला निरूपणासाठी घेत नाय. आणि कोणा पोरीनं विचारलं तर हे मला बोचतं, असं सांगतो.

अजून एक. तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. पोटातलं ते लेकरू म्हणजे नारायण महाराज, आणि १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला तो त्यांनी. नवऱ्यामागं त्यांना वाढवलं कोणी?

उद्या काल्याचं कीर्तन माझ्याकडं आहे. जिजाईच सांगणार आहे, ऊस सोडून. माय-माउल्यांनी मागं खांबाला टेकून बसू नका, टाळकऱ्यांच्या लगत पुढं बसा. सतरंज्या तशाच टाकायला सांगितल्यात.

रामकृष्ण हरी.