फोटो काढणाराही पडतच असतो

जानेवारी २०२४. बोरिवलीहून फास्ट लोकल पकडली, चर्चगेटला उतरलो आणि मरीन ड्राइव्हवर हवाई दलाचा एअर शो बघायला पोचलो. 'आकाशगंगा'च्या जवानांनी वरून उड्या मारल्या. मी मोबाइल फुल झूम केला. फोटोत आलं काय? ठिपका!

मग शोधत बसलो. ते जवळून काढलेले भारी फोटो काढतं कोण? सोबत उडी मारणारा दुसरा जवान! कॅमेरा हेल्मेटवर, कारण हात-पाय तोल सांभाळायला लागतात. दोघंही ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने पडत असतात, म्हणून फोटोत समोरचा निवांत तरंगतोय असं वाटतं. उडी तीस हजार फुटांवरून असेल तर थंडी उणे ४५ अंशांच्या आसपास, तोंडावर ऑक्सिजन मास्क, आणि बॅटरीसुद्धा लवकर मान टाकते.

पण खरा धोका वेगळाच. 'अजून एकच फोटो' करत राहिलं, तर पॅराशूट उघडायची वेळ टळते. म्हणून आधी उंची दाखवणारा अल्टिमीटर बघायचा, मग फ्रेम.

परवा लोकलच्या दारात एक पोरगा लटकून रील काढत होता. म्हटलं, "भावा, आत ये. त्यांच्याकडे निदान पॅराशूट तरी असतं."