नकाराचं पुढे काय होतं?



आजच्या व्याख्यानाला संयोजकांनी पत्रिकेत ‘जपानी चित्रकथेतील प्रेम’ असं सोज्वळ नाव दिलं आहे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मी बोलणार आहे ते दोन मुलग्यांच्या प्रेमकथेबद्दल. ती एका स्त्रीने लिहिली-काढली आणि मुलींच्या नियतकालिकासाठी काढली. कथा पस्तीसेक वर्षांपूर्वीची आहे, भडक आहे, हुकमी रडवणारी आहे आणि आज वाचताना जागोजागी ठेच लागावी अशी आहे. जपानमध्ये या प्रकाराला ‘बॉइज लव्ह’ म्हणतात. आपल्याकडची कॉलेजातली मुलं-मुलीही तो मोबाइलवर, बहुतेक इंग्रजीतून, वाचतात. घरात कुणाला पत्ता नसतो, एवढंच.

मिनामी ओझाकी यांची ‘झेत्सुआइ १९८९’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८९ ते १९९१ या काळात ‘मार्गारेट’ या नियतकालिकातून आली. कोजी नान्जो हा लोकप्रिय रॉक गायक. एका पावसाळी रात्री तो दारूच्या नशेत रस्त्याकडेच्या कचऱ्यात पडलेला असतो. ताकुतो इझुमी नावाचा फुटबॉलपटू त्याला उचलून घरी आणतो. कोजीच्या मनात काही वर्षांपूर्वी मैदानावर पाहिलेले दोन धगधगते डोळे घर करून असतात. ते एका मुलीचे होते, अशी त्याची समजूत. ते इझुमीचे होते, हे कळतं आणि तिथून वेडाला सुरुवात होते.

ही पानं समोर धरून पाहिली पाहिजेत. चौकटींच्या रेषा मोडलेल्या, पार्श्वभूमी पुसलेली, माणसं ताडमाड, हातपाय अवाजवी लांब, रेघ सुरीसारखी धारदार. मनातलं बोलणं फुग्याबाहेर, तुटक वाक्यांत, पानभर विखुरलेलं. बाहेरचं जग जवळजवळ नाहीच. एका माणसाचा ध्यास मात्र कागदाच्या कडेपर्यंत पसरलेला. अतिरंजन हा इथे दोष नाही, तीच शैली आहे.

या कथेची जन्मकथा तिच्याइतकीच रंजक आहे. योइची ताकाहाशी यांची ‘कॅप्टन त्सुबासा’ ही फुटबॉलवरची मांगा १९८१ पासून ‘शोनेन जंप’ या मुलग्यांच्या साप्ताहिकात चालू होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुलींनी तिच्यातले खेळाडू उचलले आणि त्यांच्या प्रेमकथा रचून, पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांतून विकायला सुरुवात केली. तोक्योत १९७५ पासून भरणाऱ्या ‘कॉमिक मार्केट’मध्ये या पुस्तिकांचा पूर आला. ओझाकी याच गर्दीतल्या. कोजिरो ह्युगा आणि केन वाकाशिमाझु ही त्यांची आवडती जोडी. ह्युगा बापाविना वाढलेला, धाकट्या भावंडांची काळजी वाहणारा. वाकाशिमाझु लांब केसांचा, घरात कराटेची तालीम असलेला. इझुमीला धाकटी भावंडं का आहेत आणि रॉक गायक असूनही कोजीच्या घराण्यात युद्धकलेची परंपरा कशी, याचं उत्तर इथे मिळतं. गंमत म्हणजे ‘जंप’ आणि ‘मार्गारेट’ दोन्ही शुएइशा याच प्रकाशनाची. मुलग्यांसाठी छापलेले नायक मुलींनी परस्पर पळवले आणि प्रकाशकाने काही वर्षांनी ते नाव बदलून मुलींनाच विकले!

पण मुलींना मुलग्यांचीच प्रेमकथा का हवी होती? याची वाट आधीच्या पिढीने पाडली होती. मोतो हागिओ यांची ‘थॉमसचं हृदय’ १९७४ मध्ये आली. केइको ताकेमिया यांनी १९७६ मध्ये ‘वारा आणि झाडांचं गाणं’ सुरू केली, ती १९८४ मध्ये संपली. तिच्यातला जिल्बेर हा फ्रान्समधल्या वसतिगृहातला मुलगा घरच्याच माणसाच्या अत्याचाराने आतून मोडलेला आहे. ही कथा छापायला संपादक तयार व्हावेत म्हणून ताकेमियांना काही वर्षं झगडावं लागलं. मुलींच्या मासिकात मुलीवरच्या अत्याचाराबद्दल इतकं उघड लिहिणं कठीण होतं. शिवाय तसं लिहिलं असतं तर वाचणारीला ते स्वतःच्या अंगावर आल्यासारखं वाटलं असतं. देह मुलग्याचा असला की ती थोडी दूर उभी राहून वासना, भीती, सत्ता हे सगळं पाहू शकत होती. लग्न, सासर, मूल हे पुढचे प्रश्नही तिथे नव्हते. हे स्वातंत्र्य खरं होतं. त्याला नाक मुरडणाऱ्यांनी त्या मुलींना दुसरं काय वाचायला मिळत होतं, तेही पाहावं.

आता ठेच कुठे लागते ते पाहू. अशा कथांत काही गोष्टी ठरलेल्या. एक जण पाठलाग करणार, दुसरा नको म्हणणार. ते ‘नको’ म्हणजे लाजणं किंवा न उमजलेलं प्रेम ठरणार. जबरदस्ती होणार आणि तिला उत्कटता म्हटलं जाणार. पाठलाग करणारा सांगणार की मला पुरुष आवडत नाहीत, मला फक्त तू हवास. आणि मध्ये एखादी स्त्री आलीच तर ती बहुधा अडथळा म्हणून.

‘झेत्सुआइ’त हे आहेच, पण त्याच्या मुळाशी एक हिशेब आहे. कोजी इझुमीवर जबरदस्ती करतो आणि स्वतःचीही नासाडी करत राहतो. ‘ब्रॉन्झ’ या पुढच्या भागात तर तो एक हात गमावतो. (ती कथा वर्षानुवर्षं चालली आणि शेवटाला न पोचताच थांबली.) प्रत्येक जखम त्याच्या खात्यावर जमा होते. एवढं सोसलं म्हणजे प्रेम खरंच असणार, असं वाचकाला वाटू लागतं आणि मग त्याने दुसऱ्याला दिलेली इजा त्याच खात्यातून वळती होते. स्वतःला दुखवणं हा पुरावा मानला की दुसऱ्याला दुखवण्याची माफी आपोआप मिळते. माझ्या मते या प्रकारातली खरी घातक चाल ही आहे. नुसती जबरदस्ती दाखवणं वेगळं. तिची किंमत अश्रूंनी चुकती झाली असं दाखवणं वेगळं.

आणि तरीही ओझाकी यांनी कथेतच एक साक्षीदार बसवला आहे. इझुमीच्या आईने त्याच्या वडिलांचा जीव घेतला होता, तोही प्रेमापोटी. अशा घरातून आलेला मुलगा कुणी ‘तुझ्यावाचून मरेन’ म्हटलं की मोहरणार नाही, घाबरेल. इझुमी घाबरतो. साऱ्या कथेत शुद्धीवर असलेला माणूस तोच. कथानक त्याला कोजीकडे ढकलत राहतं आणि त्याची भीती मात्र शेवटपर्यंत खोटी ठरत नाही. ही ताणाताण आहे म्हणून ही मांगा निव्वळ बाजारू म्हणून झटकून टाकता येत नाही.

या प्रकारावर सगळ्यात बोचरा आक्षेप घेतला तो संस्कृतिरक्षकांनी नव्हे. १९९२ मध्ये मासाकि सातो या समलिंगी कार्यकर्त्याने ‘श्वाझीर’ या छोट्या स्त्रीवादी नियतकालिकात सवाल टाकला. मुद्दा असा की तुम्ही तुमच्या मुक्तीसाठी आमची आयुष्यं वापरता. त्या देखण्या, दुःखी मुलग्यांशी आमचा काय संबंध? त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. काही लेखिका चिडल्या, काही विचारात पडल्या. ‘मला पुरुष आवडत नाहीत’ हे नायकाचं पालुपद खऱ्या समलिंगी माणसाच्या कानाला कसं लागत असेल, हे तोवर फारसं कुणी विचारलंच नव्हतं. पुढे चित्र पालटलं. अकिको मिझोगुची यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात या प्रकाराची वाटचाल उत्क्रांती म्हणूनच मांडली. आजच्या अनेक कथांत संमती विचारली जाते, घरच्यांना सांगावं लागतं, नोकरीवर काय होईल याची धास्ती असते. बॉइज लव्हमधूनच पुढे आलेल्या फुमी योशिनागा यांनी २००७ मध्ये सर्वसाधारण वाचकांच्या साप्ताहिकात सुरू केलेल्या मालिकेत तर एक प्रौढ जोडपं भाजी कुठे स्वस्त मिळते याचा विचार करतं आणि रात्रीचा स्वयंपाक करतं.

हे सगळं ‘तिकडचं’ म्हणून सोडून देता येईल का? १९९३ चा ‘डर’ हा हिंदी सिनेमा आठवा. नायिकेचं नाव सुरीने छातीवर कोरणारा राहुल पडद्यावर खलनायक होता, पण लोकांनी मनात घर दिलं ते त्यालाच. जखमेचं खातं तेच. आपल्या वर्तमानपत्रांतही ‘एकतर्फी प्रेमातून’ असा मथळा येतो, जणू हल्ला ही प्रेमाचीच एक उपजात. समलिंगी प्रेमाबद्दल म्हणाल, तर तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणण्याचं धाडस केलं. पण तिथेही मित्रा या नायिकेच्या वाट्याला मरणच आलं. शोकांतिका लिहू नये असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक वेळी तेच घडू लागलं की ती शोकांतिका उरत नाही, पायंडा होतो.

मग अशा पुस्तकांचं करायचं काय? बंदीने काही साधत नाही. २०१० मध्ये तोक्योच्या प्रशासनाने कल्पित अल्पवयीन पात्रांच्या चित्रणावर निर्बंध आणायचं ठरवलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांत ताकेमिया होत्या. अत्याचाराबद्दल गंभीरपणे लिहिलेलं पुस्तकही त्याच चाळणीत अडकेल, ही त्यांची धास्ती रास्त होती. पण बंदी नको म्हणजे सगळं छान, असंही नव्हे.

मला एक साधी कसोटी उपयोगी वाटते. कुठलीही प्रेमकथा वाचताना, मग ती जपानी असो, हिंदी असो की आपली, एवढंच पाहावं की त्यात ज्याने नकार दिला त्याचं पुढे काय झालं. त्याचा नकार कुणी ऐकला, की तो हळूहळू होकारात विरघळवला? ‘झेत्सुआइ’ या कसोटीवर अर्धी उतरते आणि अर्धी नापास होते. आपल्या घरात ती किंवा तसलं काही वाचणारं कुणी असेल तर पुस्तक हिसकावून घेऊ नका. आधी स्वतः वाचा, आणि मग त्या मुलीला किंवा मुलाला विचारा, इझुमीचं तुला पटतं का? उत्तर काहीही येवो, नकार म्हणजे काय यावर घरात मोकळं बोलणं सुरू होईल, आणि ते कुठल्याही पुस्तकापेक्षा गरजेचं आहे.