झुलीखालचा बैल



विंगेत नऊवारी नेसलेल्या मुली कधीच्या उभ्या आहेत. कोळीगीतवाली मंडळी टोपल्या घेऊन ताटकळली आहेत. प्रमुख पाहुण्याचं भाषण म्हणजे या सगळ्यांच्या वाटेतली धोंड, हे मला ठाऊक आहे. शाळेत असताना मीसुद्धा पाहुण्यांपेक्षा त्यांच्या हातातल्या कागदांची जाडी बघायचो. म्हणून आज कागद आणलेला नाही, आणि विषयही तुमच्यातल्याच एकानं दिलाय.

मघाशी चहा देता देता नववीतल्या एका मुलानं मला विचारलं, “सर, तहसीलदाराला पगार किती असतो?” शेजारी उभ्या असलेल्या सरांनी त्याच्याकडे डोळे वटारले. मी म्हटलं, राहू द्या सर, पोरगं हिशेबी आहे. याचं उत्तर मी स्टेजवरूनच देतो.

मी १९८५ साली तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि २०२० साली तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. पस्तीस वर्षं सरकारचं मीठ खाल्लं. या काळात कितीतरी सत्कार-समारंभांत ‘लाल दिव्याची गाडी मिळवा’ असा उपदेश ऐकला. तो लाल दिवा १ मे २०१७ पासून गाड्यांवरून उतरला, भाषणांतून मात्र अजून उतरायचाय.

तुम्ही बेल्ह्याची मुलं. सोमवारचा बाजार मी तुम्हाला काय सांगायचा? बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, दोन दाती आहे की जुळलाय, ते ठरवतो. मग चालवून बघतो. मग खांद्यावर हात फिरवतो, जुवाचे घट्टे कसे आहेत ते चाचपतो. झूल आणि शिंगांचे गोंडे बघून कुणी नोटा मोजत नाही. नोकरी निवडताना मात्र आपण नेमकी झूल बघतो. आज आपण झूल बाजूला काढून सरकारी नोकरीचे दात, चाल आणि खांदा तपासू. दात म्हणजे पगार, चाल म्हणजे पुढची वाट आणि खांदा म्हणजे रोजचं जगणं.

आधी दात. बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात. सरकारी पगार रुमालाखाली ठरत नाही, तो छापील असतो. तलाठ्याचाच घ्या. तलाठ्याला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात, पण गावात अजून ‘तलाठी भाऊसाहेब’च. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचा मूळ पगार सुरू होतो २५,५०० रुपयांवर. जानेवारी २०२५ च्या ५५ टक्के दरानं महागाई भत्ता धरला तर १४,०२५ रुपये. गावाकडचा १० टक्के घरभाडे भत्ता २,५५०. बेरीज ४२,०७५. त्यातून निवृत्तिवेतनाचा दहा टक्के हप्ता कापला की हातात अडतीस हजारांच्या आसपास. पोलीस शिपाई आणि वनरक्षक यांचा मूळ पगार २१,७०० पासून सुरू होतो. तहसीलदाराचा पंचावन्न हजारांच्या घरात. उपजिल्हाधिकारी आणि आयएएस यांचा ५६,१००. आणि देशाच्या सगळ्या नोकरशाहीच्या शिखरावर बसलेल्या कॅबिनेट सचिवांचा मूळ पगार अडीच लाख. त्याच्यावर पायरीच नाही.

म्हणजे काय? घर स्वतःचं असेल, तर या पगारात चार माणसांचं कुटुंब बेल्ह्यात नीट चालतं. मुलांची फी भरता येते, दवाखान्यात उधारी करावी लागत नाही. पण बंगला, दोन चारचाकी आणि पुण्यात फ्लॅट एवढं या पगाराच्या चिठ्ठीत बसत नाही. तीसएक वर्षांच्या नोकरीत ज्याच्याकडे ते सगळं दिसतं, त्याच्या सासऱ्याची जमीन तरी भरपूर असावी, नाहीतर हिशेबात काहीतरी लपलेलं असावं.

तुलना करायची तर आपल्याच शेताशी करू. २०२३ च्या जुलैत टोमॅटोनं जुन्नर तालुक्यात काय किमया केली, ती तुमच्या घराघरांत माहीत आहे. महिनाभरात काहींनी कित्येक वर्षांचा पगार कमावला. आणि दुसऱ्या एखाद्या हंगामात तोच टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतावा लागतो, तेही तुम्ही पाहिलंय. सरकारी पगाराला टोमॅटोची उडी नाही, पण टोमॅटोची आपटीही नाही. आपल्या आईवडिलांना ही नोकरी हवीशी का वाटते, त्याचं खरं कारण हे आहे. त्यांना रुबाब नको असतो, दर महिन्याची निश्चिंती हवी असते.

एक गोष्ट मात्र बदलली. पूर्वी नोकरी म्हणजे मरेपर्यंत पेन्शन, हे गृहीत होतं. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला. मी जुन्या पेन्शनवाला. माझ्याकडे बघून तुमच्या पेन्शनचा अंदाज बांधू नका. नियम वाचा.

आपल्या तालुक्यात शिवनेरी आहे, म्हणून सांगतो. शिवछत्रपतींनी कारभाऱ्यांना वतनं आणि जहागिरी देण्याऐवजी रोख पगार द्यायचं धोरण ठेवलं. किल्ल्यावर एकाच्या हाती सत्ता नको म्हणून हवालदार, सबनीस, कारखानीस असे अधिकारी वेगवेगळे नेमले आणि त्यांच्या बदल्याही केल्या. रोख पगार का? वतनदार गावाला आपली मालमत्ता समजायला लागतो, पगारदार माणूस नोकर राहतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांना हे कळलं, त्यांच्या तालुक्यात आज मुलीचं लग्न जमवताना सरकारी नोकरीतल्या मुलाबद्दल हळूच विचारतात, “वरकमाई किती?” मंडळी, ही वरकमाई म्हणजे तुमच्याच सातबाऱ्यावरची, तुमच्याच दाखल्यावरची वसुली. जावयाची वरकमाई विचारणाऱ्यानं तलाठ्याच्या नावानं बोटं मोडू नयेत. तसं कुणी मागितलंच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. तो पाठ करा; परीक्षेत विचारत नाहीत, पण उपयोगाचा आहे.

आता चाल. आधी आत शिरायच्या रांगेत किती माणसं उभी आहेत, ते बघा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले. शेवटच्या यादीत नावं लागली १,०१६. हजारात एक. त्याच वर्षी राज्यात साडेचार हजारांवर तलाठीपदं निघाली, तर दहा लाखांहून जास्त अर्ज. त्यात डॉक्टर होते, इंजिनिअर होते. निकालाच्या दिवशी गावात त्या एकाची मिरवणूक निघते. बाकीचे नऊशे नव्याण्णव सदाशिव पेठेत कॉट बेसिसच्या खोलीत, मेसचा डबा संपवून पुन्हा अभ्यासिकेत जातात. त्यांच्यासाठी ढोल-ताशा वाजत नाही, आणि त्यांच्यातले बहुतेक काही कमी हुशार नसतात.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. परीक्षा जरूर द्या, पण तारीख ठरवून द्या. राज्यसेवेला खुल्या गटासाठी अडतिसाव्या वर्षापर्यंत आणि मागास प्रवर्गांसाठी त्रेचाळिसाव्यापर्यंत बसता येतं. सरकारनं दार उघडं ठेवलंय म्हणजे उंबऱ्यावर बसून तारुण्य घालवायचं असा अर्थ होत नाही. दोन वर्षं, फार तर तीन. भिंतीवर तारीख लिहून ठेवा. आणि पालकांना हात जोडून विनंती, पोरगं त्या तारखेला परत आलं, तर ‘हरून आला’ म्हणू नका. राज्यघटना, अर्थकारण, भूगोल वाचून आलेलं पोरगं गावाला सापडलंय. त्याला दूध संघात, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत, स्वतःच्या द्राक्षबागेत वाव द्या.

आत गेल्यावर चाल कशी असते? बैलासारखीच, सावकाश आणि तासातासानं. तलाठी, मग मंडळ अधिकारी, मग नायब तहसीलदार. बढती नाही मिळाली तर दहा, वीस आणि तीस वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेत पगार वाढतो. उपजिल्हाधिकारी झालेल्यांतले काही पुढे बढतीनं आयएएस होतात. माझ्याबरोबर लागलेले बरेच जण मंडळ अधिकारी म्हणून घरी गेले. ते माझ्यापेक्षा कमी लायकीचे होते म्हणून नव्हे. कुणाची जागा रिकामी झाली नाही, कुणाची ज्येष्ठता यादी कोर्टात अडकली.

आणि आता खांदा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो, तूप-हळद लावतो. वर्षभर जू कुठं बसलं, ते त्या दिवशी दिसतं. सरकारी नोकराची खांदेमळणी कुणी करत नाही, म्हणून मीच दाखवतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यातल्या सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. कागदावर शनिवार-रविवार सुट्टी. पण गारपीट शुक्रवारी संध्याकाळी झाली, तर शनिवारी पंचनामा करायला बांधावर कोण येतं? निवडणुकीच्या रात्री मतदान यंत्रं मोजून घ्यायला कोण जागतं? बिबट्या उसात दिसला, की रात्री दोनला वनरक्षकाचाच फोन वाजतो. आणि बिबट्यानं माणूस उचलला, तर संतापलेल्या जमावासमोर तोच २१,७०० वाला उभा असतो.

बदलीचं सांगतो. २००५ च्या कायद्यानुसार एका जागी साधारण तीन वर्षं. तुकाराम मुंढे यांच्यासारख्या अधिकाऱ्याच्या वाट्याला वीसहून अधिक बदल्या आल्या, हे तुम्ही बातम्यांत पाहिलंय. त्यांचं कौतुक करताना टाळ्या वाजतात. पण प्रत्येक बदलीत सामान बांधणारं एक घर असतं. माझ्या मुलीनं दहावीपर्यंत पाच शाळा पाहिल्या. स्नेहसंमेलनात तिचा नाच बघायला मी एकदाही पोचलो नाही. आज इथं बसून तुमचे नाच बघणार आहे, ते त्या थकबाकीपोटी.

मग एवढं सगळं असून ही नोकरी करावी का? उत्तरासाठी शेजारच्या आंबेगाव तालुक्यात जाऊ. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. ती बातमी जगाला पहिल्यांदा कळली ती एसटीच्या चालकामुळं. नेहमीच्या रस्त्यानं गाडी घेऊन गेला, तर गाव जागेवर नव्हतं. त्यानं खबर दिली. पुढे भर पावसात चिखल उपसणारे जवान, डॉक्टर, पोलीस, महसूलची माणसं आली. २०१७ मध्ये आमडे इथं नवं माळीण उभं राहिलं. त्या चालकाच्या पदाला झूल नव्हती. पण त्या सकाळी सरकार म्हणजे तो चालक होता.

शेवटची गोष्ट, माझ्या घरची. मी पठारावरचा. बहात्तरच्या दुष्काळात दहा वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, मी पाणी वाहायचो. एका शनिवारी मस्टरवर तिचं नाव चुकीचं पडलं आणि आठवड्याचे पैसे अडकले. तिला वाचता येत नव्हतं, भांडताही येत नव्हतं. एक कारकून आला, दगडावर बसला. तिला नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, गाव विचारलं. दुरुस्ती केली आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. “बरोबर आहे ना, बाई?” म्हणाला. आई म्हणाली, “बरोबर आहे, दादा.” त्या रात्री घरात भाकरी झाली. तो कारकून कोण, कुठला, मला आजवर कळलेलं नाही. पण तलाठ्याची परीक्षा द्यायला निघालो, तेव्हा डोळ्यांपुढं तोच होता.

तर बाळा, तू पगार विचारलास, तो सांगितला. तो नीट मोज, घरी आईवडिलांनाही मोजून दाखव. तेवढ्यात भागत असेल, तरच या वाटेला ये. भागत नसेल तर धंदा कर, शेती कर, कंपनीत जा. त्यात कमीपणा काहीच नाही. पण आलास, तर टेबलापलीकडच्या माणसाचं नाव नीट लिही आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखव.

विंगेतल्या मुलींनो, या आता.