हौसेची बोट आणि पॉलिसीचा कागद



विमा व्यवसायातल्यांच्या या सभेत अध्यक्षाने कशावर बोलायचे ते संयोजकांनी माझ्यावरच सोपवले. मी ‘हौसेच्या बोटीचा विमा’ असे सांगितले, तेव्हा फोनवर समोरून थोडा वेळ काही आवाजच आला नाही. त्यांचेही चुकले नाही. मोटार, आग, यंत्रमाग, पीक यांतून सोलापूरच्या एजंटाला मान वर करायला फुरसत मिळत नाही, तिथे बोट कुठून आली? पण याच जिल्ह्यात पाव्हणेरावळे भेटले की तब्येतीच्या आधी उजनीची टक्केवारी विचारली जाते. धरण प्लसमध्ये की मायनसमध्ये, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्या वर की खाली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. ते माढ्यापासून करमाळा, इंदापूरच्या शिवारात लांबवर पसरते. एवढ्या पाण्यावर बोटी येणारच, आणि आल्याही आहेत.

२१ मे २०२४ची संध्याकाळ इथल्या कुणाला आठवण करून द्यायला नको. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला, बाकीचे सहा जण गेले. त्यांत लहान मुलेही होती. त्या बोटीच्या कागदपत्रांबद्दल मी इथे एक शब्दही बोलणार नाही. ते चौकशी करणाऱ्यांचे काम. मला त्या घटनेने एक साधा प्रश्न दिला, आणि आजचे सगळे भाषण त्या एका प्रश्नाभोवती आहे: ही बोट दिवसभर काय काम करते?

उजनीच्या काठावर जाऊन बसा आणि एकाच बोटीकडे पाहा. पहाटे तिच्यातून जाळी काढली जातात. हिवाळ्यात रोहित पक्षी आले की उन्हे वर यायच्या आत भिगवणकडच्या बाजूला तिच्यात कॅमेरेवाले पाहुणे बसतात. दुपारी पलीकडच्या गावाला जाणारी चार माणसे, एखादी मोटारसायकल. रस्त्याने जायचे तर केवढा वळसा! संध्याकाळी मालकाच्या घरचे पाहुणे आणि पोरे, फुकट फेरी. आता या बोटीचा प्रस्ताव-अर्ज आपण भरतो तेव्हा ‘वापर’ या रकान्यात काय लिहितो? ‘खासगी, हौसेसाठी’. कारण त्याचा हप्ता सगळ्यांत कमी बसतो.

इथेच पुढच्या दाव्याची कबर खणली जाते. हौसेच्या बोटीची पॉलिसी मालक, त्याचे कुटुंब आणि त्याचे बिनपैशाचे पाहुणे एवढे गृहीत धरून लिहिलेली असते. भाड्याने बोट दिली, माणशी पैसे घेतले, शर्यतीत उतरवली की ती पॉलिसी सहसा हात वर करते. माझ्या परिचयातल्या एका डॉक्टरांनी धरणाकाठच्या शेतघरावर फायबरची बोट घेतली. स्वतःसाठीच घेतली, यात शंका नाही. पुढे शेतघर सुट्टीच्या दिवशी भाड्याने जाऊ लागले आणि ‘बोट राइडसह’ अशी ओळ जाहिरातीत आली. वेगळे पैसे घेत नव्हते, म्हणून डॉक्टरांच्या मते ती अजून हौसेचीच बोट होती. विमा कंपनीच्या लेखी ती त्या एका ओळीने धंद्याची झाली होती. सुदैवाने दावा यायच्या आत हे लक्षात आले, आणि जास्त हप्ता भरून वापर बदलून घेता आला.

धोका वस्तूवर कमी आणि तिच्या वापरावर जास्त ठरतो, ही गोष्ट आपल्याला लंडनच्या लॉइड्सने शिकवलेली नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत कर्जाचे व्याज सांगताना रानावनातून माल नेणाऱ्याला महिन्याला शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस असा दर दिला आहे. म्हणजे सावकार आधी विचारत होता, बाबा रे, जाणार कुठून? या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीला लिहिली. आजचे बसवकल्याण ते हेच, आपल्या जवळच्या बिदर जिल्ह्यातले. या भागात जोखमीचा हिशेब निदान नऊशे वर्षे जुना आहे, हे सांगायला मला जरा अभिमान वाटतो.

आता कागदाकडे. बोटीच्या पॉलिसीत ढोबळमानाने दोन घरे असतात. एक बोटीचे स्वतःचे: सांगाडा, इंजिन, सामान. दुसरे मालकाच्या देण्याचे: त्याच्या बोटीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, अंग मोडले, मालमत्ता बुडाली तर. बुडालेली बोट वाटेतून काढायचा खर्चही बहुधा इथेच येतो. गिऱ्हाईक पहिल्या घराबद्दल तासभर बोलते. किंमत बाजारभावाने की आधी ठरवून लिहिलेली, यावर घासाघीस करते. जरूर करावी, ठरवून लिहिलेली किंमत असेल तर पूर्ण नुकसानीच्या वेळी घसाऱ्याचा वाद उरत नाही. पण बोट गेली तर मालकाचे चार-सहा लाख जातील. बोटीतली माणसे गेली तर तो जन्मभर उभा राहणार नाही. मोटारीच्या बाबतीत हे कायद्याने आपल्या हाडीमाशी रुजवले आहे. बोटीच्या मालकाला मात्र थर्ड पार्टी म्हणजे समोरून येणारी दुसरी बोट एवढेच वाटते. स्वतःच्या बोटीत बसलेला पाहुणाही त्यात येतो की नाही, येत असला तर किती जणांपर्यंत आणि किती रकमेपर्यंत, हे त्याने कधी विचारलेले नसते. आपणही बोललेले नसतो.

पहिल्या घरातही खाचा आहेत. आउटबोर्ड इंजिनाचेच घ्या. हे यंत्र बोटीच्या मागच्या फळीवर दोन पिळाच्या दांड्यांनी आवळलेले असते. हाताने आवळायचे, हाताने सोडायचे. लाटेच्या आणि इंजिनाच्या थरथरीने ते हळूहळू सैल होतात, आणि एक दिवस लाखाचे इंजिन डुबुक करून पाण्यात जाते. जगभर वापरात असलेल्या यॉट कलमांमध्ये इंजिन निसटून पाण्यात पडणे हे स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. चोरी झाली तर दावा चालतो, पण इंजिन नेहमीच्या आवळणीखेरीज आणखी चोरीविरोधी साधनाने जखडलेले हवे. म्हणून सर्व्हेअर या नात्याने मी आधी फळी पाहतो. साखळी होती तर तिचा घासलेला ठसा लाकडावर किंवा फायबरवर असतोच. कुलूप तोडले तर कानस किंवा करवतीची खूण कुठेतरी राहते. ठसा नाही, खूण नाही, आणि मालक म्हणतो चोरीला गेले. मग मी काय लिहायचे? नव्या गिऱ्हाइकाला पॉलिसीबरोबर एक जाड साखळी आणि वायररोप घ्यायला लावा. फळीचा फोटो काढून अर्जाला जोडा. पुढची भांडणे वाचतील.

गंज, कूज, झीज, सांध्यातून रोजचे झिरपणे या गोष्टींना पैसे मिळत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. उजनीत मात्र एक वेगळाच प्रकार आहे. धरण मायनसमध्ये गेले की जुनी गावठाणे, झाडांचे बुंधे, पळसदेवच्या मंदिरासारखी बांधकामे वर येऊ लागतात. पण उघडी पडायच्या आधी ती पाण्याखाली हातभर खोल असतात, तोच काळ वाईट. तिथे बोटीचा तळ फाटला तर तो अपघात आहे, झीज नाही, आणि तो मंजूर व्हायला हवा. कंपनीने शंका काढली तर त्या आठवड्याची पाण्याची पातळी पाटबंधारे खात्याच्या नोंदीतून घ्या. एवढा सोपा पुरावा समुद्रावर कुणाला मिळत नाही.

हंगामाच्या कलमाचेही तसेच. मुंबई-मांडव्याकडच्या बोटींच्या पॉलिसीत पावसाळ्यात बोट वर काढून ठेवायची अट असते, कारण तिथला शत्रू जून ते ऑगस्टचा समुद्र. हेच कलम उचलून उजनीच्या बोटीला चिकटवले तर पावसाळ्यात बोट काठावर आणि एप्रिल-मेमध्ये पाण्यावर. आपला वळीव नेमका तेव्हाच येतो. कुगावची बोट मे महिन्यातच उलटली. मला विचाराल तर इथल्या पॉलिसीत जूनच्या तारखेपेक्षा उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ भरून आले की बोट सोडायची नाही, ही अट जास्त कामाची.

पण अट घालताना हात आखडता ठेवा, हेही सांगतो. आपला सागरी विमा कायदा १९६३चा, तो इंग्लंडच्या १९०६च्या कायद्यावर बेतलेला. त्यातले कलम ३५ कडक आहे: वॉरंटी म्हणून जे लिहिले ते तंतोतंत पाळायचे, त्याचा धोक्याशी संबंध असो वा नसो. पाळले नाही, तर पॉलिसीत वेगळे काही लिहिलेले नसेल तेव्हा, त्या तारखेपासून कंपनी मोकळी. आठ लाइफ जॅकेट ठेवीन असे लिहून दिले, सात सापडली, आणि बोट काठावर रिकामी असताना आगीत जळाली, तरी कंपनी बोट दाखवू शकते. इंग्लंडने स्वतः २०१५ सालच्या कायद्याने हे सैल केले. झालेल्या नुकसानीशी ज्या अटीचा काही संबंधच असू शकत नाही, ती आता तिथे दाव्याच्या आड येत नाही. आपण अजून १९०६मध्येच आहोत. उजनीसारख्या गोड्या पाण्याला १९६३चा कायदा जसाच्या तसा लागतो का, यावर वकील वाद घालतील. पण पॉलिसीची भाषा त्याच साच्यातली असते, आणि गिऱ्हाईक वाचते ते पॉलिसी. म्हणून जी अट माणूस रोज पाळू शकेल तेवढीच वॉरंटी करा. बाकीच्या सूचना म्हणून द्या.

सरकारनेही आपले काम केले आहे. २०२१चा इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट जून २०२२पासून लागू आहे. नद्या, तलाव, धरणे यांवरच्या यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता आणि विमा या सगळ्यांची तरतूद त्यात आहे. तरीही जानेवारी २०२४मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. त्याआधी मे २०२३मध्ये केरळात तानूरला २२ जण गेले. ती मासेमारीची बोट बदलून पर्यटकांसाठी केलेली होती. पुन्हा तोच प्रश्न: बोट मुळात कशासाठी होती, आणि त्या दिवशी काय करत होती?

दुपारच्या सत्रात एका पानाचा मराठी प्रस्ताव-अर्ज तुमच्यापुढे ठेवणार आहोत. त्यात ‘वापर’ हा रकाना काढून टाकला आहे. त्याच्या जागी पहाटेपासून रात्रीपर्यंतचे तक्ते आहेत: कोण बसते, किती बसतात, पैसे घेता का, वारा सुटला की बोट कुठे बांधता. हप्ता वाढेल, आणि काही गिऱ्हाइके तुमच्याशी कडाकडा भांडतील. शब्द जड वाटले तिथे खोडा. कुगाव, कळाशी, भिगवणकडचे बोटवालेही त्या सत्राला आले आहेत. त्यांना आधी बोलू द्या, आपण नंतर.