अब्रू, फिर्याद आणि लेखणी



श्रीसिद्धरामेश्वरांच्या या नगरीत अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ज्या सोलापूरने मे १९३० मध्ये लष्करी कायद्याचा अंमल सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार पुत्रांमध्ये 'गझनफर' पत्राचे संपादक कुर्बान हुसेन यांनाही गमावले, त्या सोलापूरला लेखणीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. मात्र आज मी ज्या संकटाविषयी बोलणार आहे, ते सरकारी हुकमाने येत नाही. ते वकिलाच्या नोटिशीच्या रूपाने टपालाने घरी येते.

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण ब्लॉगलेखिका माझ्याकडे आली. आपल्या वस्तीत नळाला पाणी कोणत्या दिवशी आले, किती वेळ टिकले आणि नव्या जलवाहिनीचे खोदकाम कोठवर येऊन थांबले, याची टिपणे ती तारीखवार प्रसिद्ध करीत असे. कंत्राटदाराच्या वतीने आलेली चार पानी नोटीस तिने माझ्यापुढे ठेवली. सात दिवसांत बिनशर्त माफी मागावी, अन्यथा पन्नास लाखांच्या दाव्यास तोंड द्यावे, असा नोटिशीचा मतलब होता. टिपणांतील एकाही तारखेला मात्र तीत हरकत नव्हती. वारंवार वाचल्याने कागद घड्यांवर विरला होता. मुलीने मजकूर काढून टाकला आणि मी तिला दोष देऊ शकलो नाही.

मराठी वृत्तपत्रसृष्टीने हा प्रसंग आपल्या बाल्यातच अनुभवला आहे. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ चालल्याचा आरोप 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी केला, कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद गुदरली, आधाराला घेतलेली पत्रे बनावट ठरली, आणि माफीची तयारी दाखवूनही टिळक व आगरकर यांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या बिकट समयी, मतभेद बाजूस ठेवून, जोतीराव फुले यांनी आपल्या स्नेह्याकरवी त्यांच्या जामिनाची तजवीज केली. दस्तऐवज पारखल्यावाचून लेखणी उचलू नये, हा या प्रकरणाचा एक धडा. आणि संकटात सापडलेल्या लेखकाला एकटे सोडू नये, हा दुसरा. पहिला आपण नवोदितांना आवर्जून सांगतो, दुसरा स्वतः विसरतो.

अब्रू ही क्षुल्लक वस्तू नव्हे. विणकराची अब्रू मंत्र्याच्या अब्रूइतकीच मोलाची आहे, आणि कायद्याने तिचे रक्षण करावे हे न्याय्यच. १८६० च्या दंडविधानातील कलम ४९९ ने बदनामी हा गुन्हा ठरविला, २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनासंमत मानले, आणि आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. लोकहितार्थ केलेले सत्यकथन हा तिचा पहिलाच अपवाद होय. अधिकाऱ्याच्या सरकारी कामासंबंधीच्या लिखाणाबद्दल, सत्याची बेपर्वाई सिद्ध झाल्याशिवाय त्याला नुकसानभरपाई मागता येणार नाही, असेही याच न्यायालयाने १९९४ साली सांगितले. तथापि अपवादाचा लाभ मिळतो तो खटल्याच्या अखेरीस, आणि खर्च, खेटे व भीती सुरू होते ती पहिल्या तारखेपासून. त्यामुळे ज्याचा पक्ष खरा आहे, तोही निकालापूर्वीच शिक्षा भोगून मोकळा होतो. २००५ साली एका शिक्षणसंस्थेच्या जाहिरातींतील दाव्यांवर लिहिणाऱ्या मराठी तरुणाकडे सव्वाशे कोटींची मागणी करण्यात आली, आणि आपल्या कंपनीस उपद्रव नको म्हणून त्याने नोकरीचा राजीनामा दिला. वृत्तपत्रामागे कचेरी असते, कायदेसल्लागार असतो. एकट्या लेखकामागे केवळ त्याचे घर असते.

म्हणून माझी या संमेलनास विनंती अशी की, लेखकांनी प्रत्येक विधानाचा पुरावा दप्तरी ठेवावा, चूक आढळताच विनाविलंब दुरुस्ती छापावी. आणि आपल्यापैकी जे वकील आहेत त्यांनी, अशा नोटिशीला विनामूल्य उत्तर लिहून देण्याचे मान्य करून, सभा संपताच आपली नावे कार्यवाहांकडे नोंदवावीत. पहिले उत्तर त्या मुलीसाठी लिहावयाचे आहे. तिची टिपणे तिच्या वहीत अद्याप शाबूत आहेत. ती पुन्हा लोकांसमोर यावीत.