बदलत्या परीक्षा आणि विज्ञानाचा शिक्षक



ज्यांच्या स्मरणार्थ काचीगुड्यातील ही शाळा हे व्याख्यान योजते ते गुरुवर्य विज्ञान शिकवीत. मीही आयुष्यभर तोच विषय शिकविला. त्यामुळे माझे बोलणे विज्ञानशिक्षकाच्या बाजूने झुकलेले वाटल्यास आपण समजून घ्याल.

हैदराबादच्या मराठी शिक्षकाला बदल नवा नाही. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. १९४८ नंतर माध्यम बदलले. १९५६ मध्ये राज्यच बदलले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथे भाषिक अल्पसंख्य झालो. पण उस्मानियाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विद्यापीठाच्या आधी, १९१७ मध्येच, ग्रंथांच्या भाषांतरासाठी स्वतंत्र कार्यालय काढले गेले आणि विज्ञानाच्या संज्ञा घडविण्याचे काम विद्वानांकडे सोपविले गेले. शिक्षकाच्या हाती आधी साधन द्यावे, मग त्याच्याकडून अपेक्षा करावी, हा क्रम पुढे क्वचितच पाळला गेला.

२०११ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यानंतर आंध्र प्रदेशात नवी पाठ्यपुस्तके आली व तेलंगणातही ती चालू राहिली. आकलनाबरोबर प्रश्न विचारणे, गृहीतक मांडणे, प्रयोग करणे, माहिती जमविणे हीही मानके ठरली. दहावीला ८० गुण लेखी व २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे झाले. हेतू उत्तम होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु प्रयोगवही, लेखी काम, प्रकल्प, छोटी चाचणी या सर्वांच्या नोंदी वर्षातून चार वेळा करणाऱ्या शिक्षकाला प्रयोग मांडण्यास उसंत कोठून मिळावी? पुढे २०२४ च्या नोव्हेंबरात अंतर्गत २० गुण रद्द करून १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्याचे जाहीर झाले. लगोलग तो निर्णय एक वर्ष पुढे ढकलला गेला. आणि २०२५ मध्ये ८० व २० ही जुनीच विभागणी कायम ठेवण्याचे ठरले. शिक्षकाने वर्षाचे नियोजन कशाच्या भरवशावर करावे?

खरी अडचण मात्र परिपत्रकापेक्षा खोल आहे. ओहमच्या नियमाचा प्रयोग घ्या. ‘कृती लिहा’ असे विचारले, तर ज्या मुलाने तारेला कधी हात लावलेला नाही तोही पाठांतरावर पूर्ण गुण मिळवितो. त्याऐवजी निरीक्षणांचा तक्ता द्यावा : १.५ व्होल्टला ०.१५ अँपिअर, ३ ला ०.३०, ४.५ ला ०.५४, ६ ला ०.६०, आणि विचारावे, यातील कोणते निरीक्षण तुम्ही पुन्हा घ्याल, व का? एक मुलगी लिहील की ०.४५ चे आकडे उलटे लिहिले गेले. दुसरा लिहील की त्या वेळी तार थंड असल्याने रोध कमी झाला असेल. दुसऱ्याचा तर्क या तक्त्याला लागू पडत नाही, पण तापमान व रोध यांचा संबंध त्याने ओळखला आहे. त्याला किती गुण द्यावेत? हे एकट्या शिक्षकाने रात्री घरी बसून ठरविण्याचे काम नव्हे. चार शिक्षकांनी तोच पेपर समोर ठेवून वाद घातला पाहिजे.

असा वाद पद्धतशीरपणे चालविल्याचे उदाहरण आपल्या देशात आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांपासून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला व पुढे जिल्ह्याभर पसरला. मुले प्रयोग करीत आणि त्यांवरून स्वतःचे निष्कर्ष काढीत. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे, शिवाय प्रात्यक्षिकही असे. शिक्षकांना सुटीतील प्रशिक्षणावर सोडून दिले गेले नाही. त्यांच्या मासिक बैठका होत आणि वर्गात आलेल्या अडचणी तेथे मांडल्या जात. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तो बंद झाला याचे दुःख आहेच. पण तीस वर्षे साध्या सरकारी शाळांतील शिक्षकांनी तो चालविला, हे ‘आपल्याकडे असले काही जमत नाही’ म्हणणाऱ्यांनी विसरू नये.

आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे बहुधा व्याख्यान, चहा आणि हजेरीपट. (मीही या क्षणी व्याख्यानच देत आहे, हे जाणतो.) म्हणून संस्थाचालकांपुढे एक विनंती ठेवतो. महिन्यातून एक शनिवार, दुपारनंतर, या शाळेची प्रयोगशाळा परिसरातील विज्ञानशिक्षकांसाठी उघडी ठेवावी. मराठी, तेलुगू, उर्दू, कोणत्याही माध्यमाचे असोत. ती वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरावी, उपकार म्हणून नव्हे. येताना प्रत्येकाने तपासलेल्या पाच उत्तरपत्रिका आणाव्यात, नावे झाकून. तारा, रोधक, विजेऱ्या कोठीच्या गुजराती गल्लीत मिळतात, आणि त्यांचा खर्च वार्षिक संमेलनाच्या मांडवापेक्षा खचित कमी येईल. पहिल्या बैठकीसाठी वरचा तक्ता मी फळ्यावर लिहून ठेवीन. त्या दुसऱ्या मुलाला किती गुण द्यावेत, हे तेथे ठरवू.