शेतातले विष, घरातला सुगंध
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर आधीचे वक्ते बोललेच आहेत. आम्हाला आज किराणा दुकानातून घरात येणाऱ्या बाटल्यांविषयी बोलायचे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे गेली. तेव्हापासून डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण पाहायला आपण थोडेफार शिकलो. घरातल्या बाटलीला मात्र वास चांगला आला, की आपला संशय फिटतो.

संडास धुण्याचे अ‍ॅसिड घ्या. ते बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. दोन्ही आपापल्या जागी कामाच्या. पण जास्त स्वच्छ होईल म्हणून एकावर एक ओतल्या, की क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणांगणावर सैनिक मारायला सोडला होता तो हाच वायू. एवढ्याशा संडासात दार लावून घासणाऱ्या बाईने पळायचे कुठे?

आमच्या लहानपणी बीएचसीची भुकटी ज्वारीवर धुरळत आणि उरलेली ढेकणांसाठी खाटेत टाकत. हे विष अंगातल्या चरबीत साठते. १९९७ साली त्यावर बंदी आली, पण सवय गेली नाही. फवारणीचे उरलेले औषध तेलात कालवून पोरीच्या डोक्याला उवांसाठी चोळलेले आम्ही पाहिले आहे. विषाला औषध म्हणायची ही आपलीच चूक. डासांच्या कॉइलमध्ये आणि लिक्विडमध्येही सायपरमेथ्रिनच्याच कुळातली कीटकनाशके असतात. प्रमाण कमी, पण खोली बंद आणि उशाशी तान्हे बाळ. फवारताना वाऱ्याची दिशा पाहा, असे आम्ही कृषी पदवीधर बांधावर सांगत आलो. घरातली खिडकी उघडा, हे सांगायचे आमच्याकडून राहिले.

आता पाऱ्याची गोष्ट ऐका. १९७१ साली इराकमध्ये पाऱ्याची बीजप्रक्रिया केलेला गहू पेरणीसाठी आला. पोत्यावर इशारा छापलेला होता, पण स्पॅनिश आणि इंग्रजीत. लोकांनी तो दळून भाकरी केली. दवाखान्यात दाखल झालेल्यांपैकी ४५९ माणसे दगावली. त्यांचा गुन्हा एवढाच, की पोत्यावरची भाषा त्यांची नव्हती.

तोच पारा गोरे करणाऱ्या काही क्रीममध्ये सापडतो. आपल्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला मनाई आहे, तरी चोरवाटेने असा माल येतो. सावळ्या पोरीचे लग्न जमावे म्हणून आपण तो विकत घेतो. पारा कातडीतून आत शिरतो आणि मूत्रपिंडे खराब करतो. मायबहिणींनो, पोरीच्या रंगाची लाज वाटून घेण्यापेक्षा ती डबी उकिरड्याबाहेर, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी दूर करा.

करायचे काय? अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग कधी एकत्र करू नका. अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. कीटकनाशकाचा रिकामा डबा घरात वापरू नका. उवांना बारीक फणी, नाहीतर डॉक्टरांनी दिलेले औषध. अंगावर किंवा डोळ्यात काही उडाले, तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. पोराने अ‍ॅसिड प्यायले, तर ओकारी काढू नका. बाटलीसकट दवाखाना गाठा.

आणि एक मागणी. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश किती हे छापावेच लागते. मग घर धुण्याच्या आणि अंगाला लावण्याच्या प्रत्येक बाटलीवर आत काय आहे आणि धोका काय, हे मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात का नको? ही मेहेरबानी नव्हे, पैसे मोजणाऱ्याचा हक्क आहे. हा ठराव प्रत्येक गावाने ग्रामसभेत मांडावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.